कड आली की एक घर मागे

ऑपरेशनच्या आधी एक आख्खं गाणं रेकॉर्ड करून ठेवायचं, असं आईंनी जेवता जेवता जाहीर केलं आणि मी मनात म्हटलं, झालं, आता या घरात भांडणं होणार. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या गळ्यातली गाठ काढायची होती. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं की गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही, पण तिच्या अगदी लगत आवाजाची नस आहे. ती दुखावली तर आवाज बसेल, कदाचित थोडे दिवस, कदाचित कायमचा. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दाखल होईपर्यंत गायला हरकत नाही ना. डॉक्टर हसले. त्यांना वाटलं बाई गंमत करतायत.

बाई गंमत करत नव्हत्या. आईंनी उभ्या आयुष्यात जाहिराती गायल्या. साबण, पंखे, सर्दीचं मलम, गाद्या. तो आवाज ऐकलेला नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि तो त्यांचा आहे हे माहीत असलेलंही सापडायचं नाही. एकदा आम्ही दोघी गादी घ्यायला गेलो होतो, तर दुकानदारानं त्यांनाच ती ओळ गाऊन दाखवली, तीही बेसूर. आईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि छान म्हणाल्या. मी त्या माणसाला तिथल्याच एखाद्या गादीवर आडवा केला असता. पण आईंचं असंच आहे. त्यांची तक्रार एकच, की जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते. ‘मी कधी कडव्यापर्यंत पोचलेच नाही गं,’ असं त्या हसत हसत म्हणायच्या, आणि मला दर वेळी वाईट वाटायचं.

त्यांच्याकडे एक गाणं होतं. थोरल्या बहिणीनं लिहिलेलं, त्यांनी स्वतः चाल लावलेलं, चार कडव्यांचं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्याचे तुकडे आम्ही सगळ्यांनी ऐकले होते. सलग कुणीच ऐकलं नव्हतं. ते त्यांना एकदा शेवटपर्यंत गायचं होतं. गाठीमुळे दम लवकर लागायचा आणि आवाज भरून यायचा, त्यामुळे आख्खं गाणं एका दिवसात जेमतेम एकदाच निघणार हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. आणि अट एकच. आवाज बाबांनी लावायचा, डब्यावर.

बाबा, म्हणजे माझे सासरे, जुने रेकॉर्डिस्ट. आईंची आणि त्यांची ओळखच मुळी साबणाच्या जाहिरातीवर झाली. तेव्हा म्हणे बाबांनी ती ओळ त्यांना दिवसभर गायला लावली. मशिन अजून गरम झालं नाही, अजून गरम झालं नाही, असं सांगत राहिले. संध्याकाळपर्यंत मशिन सोडून बाकी सगळं गरम झालं होतं, असं आई अजून सांगतात आणि बाबा अजून लाजतात.

डबा म्हणजे व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प. माइकमधून येणारा आवाज अगदी बारीक असतो, त्याला रेकॉर्ड होण्याइतका मोठा करायला हे यंत्र लागतं. बाबांनी ते स्वतःच्या हातानं बांधलेलं. लोखंडी पेटी, वर काचेचे व्हॉल्व्ह, पुढे नॉब. दिसायला अगदी वेडंविद्रं, पण आवाज असा गोल आणि भरीव करून देतं की नवी चकचकीत यंत्रं त्याच्यापुढे बोडकी वाटतात. घरामागच्या खोलीत आमचा स्टुडिओ आहे. भिंतींना आतून गाद्या ठोकल्यात. गादीवाल्यानं पैशांऐवजी गाद्याच दिल्या होत्या, त्या अशा कामाला आल्या. मध्ये काच, काचेच्या पलीकडे गाणारा, अलीकडे आम्ही.

मी या घरात आले तेव्हा मला माइक कुठल्या बाजूनं धरतात तेही माहीत नव्हतं. जे आलं ते बाबांनी शिकवलं. ते मला लवंगी म्हणतात. कारण सांगायला नको. माझ्या नाकावर राग असतो हे मला मान्य आहे, पण मी राग धरून ठेवत नाही, तिथल्या तिथं देऊन टाकते. बाबा शिकवताना मला कधी ओरडले नाहीत. ओरडायचं काम मीच करायची आणि ते ऐकून घ्यायचे.

आवाज लावायची त्यांची रीत साधी आहे. गेनचा, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब टकटक करत घराघरानं फिरतो. गाणाऱ्याला गाण्यातली सगळ्यात मोठी ओळ म्हणायला सांगायचं आणि एकेक घर वर जात राहायचं. व्हॉल्व्हवर जोर वाढतो तसा आवाजाला भर येत जातो, आणि मग एका घरावर त्याच्या वरच्या टोकाला अगदी बारीक करकर लागते. मुठीत रवा चोळल्यासारखी. त्याला बाबा कड म्हणतात. कड आली की एक घर मागे. बस. तिथं आवाज सगळ्यात सुंदर असतो. हे कानानंच करायचं, कारण संगणकावर ते दिसत नाही. डब्यातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा शेवटचा नॉब कमी ठेवला की पडद्यावर सगळं हिरवंगार असतं आणि व्हॉल्व्ह आत गुदमरत असतो. आणि एकदा करकर रेकॉर्ड झाली की ती पुसता येत नाही.

आता खरी अडचण सांगते. बाबांना कड ऐकू येईनाशी झाली होती.

पहिल्यांदा मला ते एका व्हायोलिनवाल्याच्या वेळी कळलं. बाबांनी आवाज लावला, झालं म्हणाले, आणि मला हेडफोनमध्ये करकर स्पष्ट येत होती. मला वाटलं व्हॉल्व्ह म्हातारा झाला. मी तो बदलला. केबल बदलली, माइक बदलला. शेवटी बाबा चहाला आत गेले तेव्हा नॉब एक घर मागे घेतला आणि आवाज लख्ख झाला. मी मुकाट्यानं तसंच रेकॉर्ड केलं. मग दर वेळी तसंच. बाबा आवाज लावायचे, मी म्हणायची बाबा चहा झालाय, आणि ते गेले की मी नॉब मागे घ्यायची. त्यांचे कान वरच्या बाजूनं झिजत चालले होते. कड यायची, पण त्यांच्यापर्यंत उशिरा पोचायची, आणि मग ते एक घर मागे यायचे ते करकरीतच.

हे मी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. बाबांना सांगायची माझी छाती झाली नाही. सगळ्या जगाला फाडकन बोलणारी मी, या एका बाबतीत मूग गिळून बसले. काय सांगणार होते मी त्यांना? त्यांचं सगळं आयुष्य त्या कानांवर उभं होतं.

पण आईंच्या गाण्याच्या वेळी चहाचं निमित्त चालणार नव्हतं. आई गात असताना बाबा नॉबवरचा हात काढत नाहीत. पूर्वीपासूनची सवय. नवऱ्याला मी म्हटलं, आता काय करायचं, आईंना गाणं एकदाच झेपणार आहे आणि बाबा ते करकरीत घालवणार. तो म्हणाला, सोपं आहे, माइकची वायर मागून दोन ठिकाणी वाट. एक बाबांच्या डब्याला, दुसरी कपाटातल्या नव्या मशिनला. बाबा त्यांचं करत बसतील, खरं रेकॉर्डिंग दुसरीकडे होईल, कुणाला काही कळणार नाही. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी बाबा अंघोळीला गेले तशी मी स्टुडिओत गेले आणि टेबलाच्या मागे आडवी पडून वायर ओढायला लागले. डबा चालू करून ठेवला होता. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, त्याशिवाय आवाज जागेवर येत नाही. मी टेबलाखाली अर्धी आत, अर्धी बाहेर, केसांत जाळी, आणि वरून आईंचा आवाज आला की तुझे पाय चोरासारखे दिसतायत.

मी म्हटलं, जादाची वायर टाकतेय, असावी म्हणून. आई खुर्चीवर बसल्या. कपाटाकडे गेलेली वायर त्यांनी पाहिली. मग म्हणाल्या, “त्यांना कळू न देता?”

मी बाहेर आले. आईंच्या समोर खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनीच हात वर केला.

“त्यांना ऐकू येत नाही, हे मला तुझ्या आधीपासून माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मी हल्ली खालच्या पट्टीत का गाते, वाटलं तुला? गाठीमुळे? वरच्या सुरात त्यांना शब्द लागत नाहीत. नुसता सूर लागतो. शब्द विचारायला त्यांना लाज वाटते. मग मीच खाली आले.”

महिनोन् महिने मी समजत होते की ही गोष्ट मी एकटीनं पोटात ठेवली आहे, आणि ही बाई माझ्या डोळ्यांदेखत स्वतःची पट्टी उतरवून बसली होती. मी म्हटलं, आई, पण वायर नाही टाकली तर गाणं खराब होईल.

“टाकलीस तर होणार नाही?” त्या म्हणाल्या. “माझा आवाज गेला तर एवढंच उरणार आहे माझं. त्यात त्यांना फसवलेलं असेल, तर मला ते कधी ऐकवणार नाही.”

मग तुम्हीच सांगा ना त्यांना, असं मी जरा चिडूनच म्हटलं. त्या म्हणाल्या, मी नाही सांगू शकत. मी सांगितलं तर त्यांना कळेल की मी इतके दिवस सांभाळून घेत होते. बायको कीव करते हे कुठल्याच माणसाला सोसत नाही. तू सांग. तू रागावून सांगतेस. तुझ्या रागाचं त्यांना काही वाटत नाही, उलट बरं वाटतं. एवढं बोलून त्या उठल्या आणि गरम पाणी प्यायला आत गेल्या. मी वायर गुंडाळून कपाटात टाकली आणि कपाटाचं दार जरा जोरातच लावलं.

बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. दाढी गुळगुळीत. मी पाहिलं आणि मला भडभडून आलं, म्हणून मी नवऱ्यावर ओरडले की गिटार अजून का जोडली नाही. साथीला तो होता. गिटारची वायर डब्याच्या दुसऱ्या बाजूला, वाद्यांसाठी वेगळं भोक आहे तिथं लावायची असते. त्यानं ती माइकच्या भोकात लावली होती. आवाज पिंपात बसून आल्यासारखा येत होता, वर घूं. बाबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं वायर बदलली, खिशातला मोबाईल बाहेर ठेवला, घूं थांबलं. हा मुलगा या घरात जन्मला यावर माझा कधी कधी विश्वास बसत नाही.

मग बाबांनी काम सुरू केलं. ते बघत राहावंसं असतं. आधी स्पीकर बंद, सगळे नॉब शून्यावर. माइक आईंच्या ओठांच्या किंचित वर, थोडा तिरका, म्हणजे श्वास त्यावर थेट आदळत नाही. वायर दोन्हीकडे पक्की लावून झाली की मगच माइकला लागणारा करंट चालू करायचा, आधी नाही. मग थोडं थांबायचं. रस्त्यावरच्या गाड्यांची खालची घरघर कापायचं बटण दाबायचं. प्रत्येक गोष्ट ते हळू आणि त्याच क्रमानं करतात, जणू कुणाला तरी झोपेतून न दचकवता उठवायचं आहे. शेवटी त्यांनी हेडफोन चढवला, मलाही खूण केली, आणि आईंना मोठी ओळ म्हणायला सांगितलं.

आईंनी ती खालच्या पट्टीतच म्हटली. बाबांचा नॉब टक, टक वर चढत गेला. आवाज भरत गेला. मग एका घरावर माझ्या कानात बारीक करकर आली. कड. बाबांचा हात थांबला नाही. अजून एक घर. अजून एक. आईंनी ओळ पुन्हा म्हटली आणि तिसऱ्या घरावर बाबांचा चेहरा उजळला. कड आली म्हणाले, एक घर मागे आले आणि खुर्चीत टेकून बसले. “झालं. घेऊ या.”

काचेपलीकडे आई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नाही, बटण दाबल्याशिवाय. तरी बघत होत्या.

“नाही झालं,” मी म्हटलं.

बाबा म्हणाले, काय नाही झालं. मी म्हटलं, करकर येतेय. ते म्हणाले, व्हॉल्व्ह असेल. मी म्हटलं, व्हॉल्व्ह बदललाय. ते म्हणाले, मग केबल. मी म्हटलं, केबलही बदललीये, माइकही बदललाय, सगळं सगळं बदलून बघितलंय मी, तुम्हाला काय वाटतं, मी झोपा काढत होते? माझा आवाज चढला होता. ते शांतपणे म्हणाले, मग राहिलं काय?

“तुम्ही राहिलात,” मी म्हटलं. “तुम्हाला कड ऐकू येत नाही, बाबा.”

बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्याची वायर बोटाला गुंडाळत बसले. मग विचारलं, कधीपासून? मी व्हायोलिनवाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, पण ते तर चांगलं झालं होतं. मी चहाचं सांगितलं, एक घर मागे घ्यायची तेही सांगितलं.

“एकच?” त्यांनी विचारलं.

“तेव्हा एक पुरायचं.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता उठून जातील. ते जरासे हसले, आणि ते हसणं बघून मला जास्त रडू आलं. मला वाटायचं हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात गातात, असं म्हणाले. मग काचेकडे बघितलं. आईंनी पटकन नजर वळवून गिटारकडे बघायला सुरुवात केली. बाबा तिकडेच बघत म्हणाले, “म्हणून खालच्या पट्टीत गातेय होय.”

त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी डोळे पुसले, सरळ पुसले, लपवलं नाही. मग उठले आणि माझ्यापुढे खुर्ची केली. बस, म्हणाले, तू लाव. तुझे कान चांगले आहेत.

तेव्हा मात्र मला खरोखरीचा राग आला. मी म्हटलं, मी नाही बसणार. आईंनी तुमच्या हातचं मागितलंय, माझ्या नाही. मी लावला तर तो नुसता बरोबर लागेल. त्यांना बरोबर नकोय, त्यांना तुम्ही हवे आहात. एवढी साधी गोष्ट कळत नाही का तुम्हाला, कान गेले म्हणून काय अक्कलही गेली? हे शेवटचं वाक्य कुठल्याही सुनेनं कुठल्याही सासऱ्याला बोलू नये. बाबा ते ऐकून खुर्चीत परत बसले आणि म्हणाले, “मग कसं करायचं ते सांग, लवंगी.”

मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. म्हटलं, नॉब तुम्ही फिरवा. ऐकायचं काम माझं. कड आली की मी दाबते. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आईंनी पुन्हा तीच ओळ म्हटली, यावेळी जपून. बाबांचा हात शून्यापासून चढत आला. त्यांच्या मनगटाची शीर माझ्या बोटाखाली उडत होती. करकर आली तशी मी दाबलं. त्यांचा हात जागच्या जागी थांबला आणि एक घर मागे आला. “एवढंच?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एवढंच. ते नॉबच्या खुणेकडे बघत राहिले. किती वर जात होतो गं मी, असं अगदी हळू म्हणाले.

मग ते उठले, काचेचं दार उघडलं आणि पलीकडे गेले. हे आजवर कधी झालं नव्हतं. आई गाताना बाबा कायम काचेच्या अलीकडे. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि आईंच्या समोर, माइकच्या जरा बाजूला ठेवून त्यावर बसले. माइक चालू होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आई म्हणाल्या, अहो, इथं कशाला, तिकडे नको का कुणी? बाबा म्हणाले, आहे तिकडे. तुझ्या ओठांकडे बघत बसतो.

“समोर बसून तरी किती ऐकू येणार तुम्हाला?” आईंनी विचारलं.

“अर्धं येईल. उरलेलं पाठ आहे मला.”

आईंनी पदर घेऊन नाकाला लावला. मग मुलाकडे वळल्या आणि म्हणाल्या, माझ्या पट्टीत घे. त्यानं विचारलं, कुठल्या? “माझ्या,” त्या म्हणाल्या. “पूर्वीच्या.”

पट्टी चढली की आवाज वाढतो. खालच्या पट्टीवर बेतलेला गेन वरच्या पट्टीला जास्त होणार, कड ओलांडून करकर होणार. आणि पुन्हा मोजायला आईंना मोठी ओळ वरच्या पट्टीत म्हणायला लावायची, म्हणजे असलेला आवाज तिथंच खर्च. मी बटण दाबून सांगितलं, थांबा, परत लावावं लागेल. नवरा गिटारच्या मानेवर पट्टी चढवायचा चाप सरकवत होता, तो तसाच थांबला.

बाबा परत आले. मी बोट पुढे केलं. त्यांनी माझं बोट बाजूला सारलं, नॉब धरला, आईंकडे एकदा बघितलं आणि दोन घरं मागे आणला. शेवटचा नॉब किंचित वाढवला. मी म्हटलं, बाबा, न ऐकता?

“याला ऐकावं लागत नाही,” ते म्हणाले. “बायको आहे माझी.” आणि परत जाऊन स्टुलावर बसले.

मी रेकॉर्ड चालू केलं. गिटार सुरू झाली आणि आई गायला लागल्या. मी जे ऐकलं ते कसं सांगू? करकरीचा मागमूस नव्हता. जराही नाही. आवाज कडेच्या अगदी अलीकडे, भरून, उभा. कित्येक महिन्यांत मी ती पट्टी ऐकली नव्हती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. बाबा ओठांकडे बघत होते आणि त्यांचेही ओठ हलत होते. तिसऱ्या कडव्यात एक उंच जागा आहे. आई तिथं चढल्या, श्वास अपुरा पडला आणि आवाज चिरकला. एकाच अक्षरावर. त्यांचा हात गळ्याशी गेला, पण त्या थांबल्या नाहीत. चौथं कडवं त्यांनी हळू घेतलं आणि शेवटपर्यंत नेलं. शेवटची ओळ संपल्यावर गिटारची तार विझेपर्यंत कुणी हललं नाही. कधी हलायचं नाही ते सगळ्यांना माहीत होतं, धंदाच तो.

आई दमल्या होत्या. भिंतीच्या गादीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. तिसऱ्यात गेलं, असं म्हणाल्या. आवाज आत्ताच बसायला लागला होता. पुन्हा घेऊ का, निघेल एकदा, ओढून काढते. मला दिसत होतं की निघणार नाही. पण त्यांनी आयुष्यभर चुकलेली ओळ पुन्हा गायली होती, अर्ध्या मिनिटासाठी दहादा, आणि हे तर त्यांचं स्वतःचं गाणं होतं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी काहीच ठरवू शकत नव्हते.

बाबा माइकजवळ वाकले, मला नीट ऐकू यावं म्हणून.

“तिसऱ्या कडव्यात काय झालं ते मला ऐकू आलं नाही,” ते म्हणाले. “तिचा हात वर गेला तेवढं दिसलं. तू सांग. मशिनात झालं की गळ्यात?”

मी बटण दाबलं.

“गळ्यात, बाबा. मशिन स्वच्छ आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी हात लांब करून आईंचा हात गळ्यावरून खाली घेतला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

“मग ते तिचं आहे,” ते म्हणाले. “राहू दे.”